पाच नंबरचा कॅमेरा

३ जानेवारी, शनिवार

आठ कॅमेरे, एक टीव्ही, दोन नारळ आणि अडीच तास भाषणं. एवढं सगळं होऊन आमची शाळा एकदाची कॅमेऱ्यात आली. बालिका दिनाचा मुहूर्त संस्थेच्या अध्यक्षसाहेबांनी मुद्दाम धरला होता. "आजपासून या शाळेतली प्रत्येक लेक माझ्या नजरेखाली सुरक्षित," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सूत्रसंचालन माझ्याच गळ्यात होतं, न वाजवून सांगते कोणाला!

टीव्ही मुख्याध्यापकांच्या खोलीत, बरोबर त्यांच्या खुर्चीसमोर लावलाय. पतंगे सर दिवसभर तिथून हलले नाहीत. आमचा शिपाई रतनसिंग चहा देऊन बाहेर आला आणि हळूच म्हणाला, "म्याडम, सरचं अंथरूण आणायला सांगा घरून. आता इथंच मुक्काम हाय."

सीसीटीव्ही प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली. विज्ञान शिकवते म्हणजे यंत्रं कळतात, असा सरांचा समज. तक्रारपेटी माझ्याकडे, मुलींची सुरक्षा समिती माझ्याकडे, खिचडीची चव घेणं माझ्याकडे, आता कॅमेरेही माझ्याकडेच. मरायला फुरसत नाही. पण खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. पासवर्ड फक्त सरांकडे आणि माझ्याकडे. कॅमेरे बसवायला आलेल्या माणसाने मागचं कसं बघायचं ते शिकवलं. रेकॉर्डिंग पंधरा दिवस राहतं, मग त्याच्यावरच नवीन चढतं.

घरी कोमलला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे आता वर्गात पण तू आणि वर्गाबाहेर पण तूच." नववीत गेल्यापासून माझ्या लेकीच्या जिभेला धार आलीय. शाळेत मला मॅडम म्हणते, घरी आई म्हणते, आणि दोन्हीकडे ऐकत नाही.

७ जानेवारी, बुधवार

पोरं सुतासारखी सरळ झाली. जिन्यातली ढकलाढकली बंद, भिंतीवरून उड्या बंद. दहावीची दोन पोरं रोज तीन नंबरच्या कॅमेऱ्याला सलाम ठोकून वर्गात जातात. एक जण त्याच्यासमोर उभा राहून भांग पाडत होता. त्याला टीव्हीवर बघून सर इतके हसले की चहा सांडला.

पाच नंबरचा कॅमेरा पाण्याच्या टाकीशेजारी खांबावर आहे. त्यात टाकी, मागची भिंत आणि मुलींच्या संडासाकडे जाणारी वाट थेट दारापर्यंत दिसते. मी सरांना म्हटलं, जरा बाजूला फिरवला तर? ते म्हणाले, "म्याडम, जागा अध्यक्षसाहेबांनी स्वतः ठरवली. धोका असतो तो तिथंच." असेलही. माझ्यापेक्षा त्यांना जग जास्त माहीत.

१२ जानेवारी, सोमवार

टाकी दर दोन दिवसांनी भरावी लागायची, आता चार-चार दिवस पुरते. रतनसिंगला मोटर चालू करायचं काम कमी झालं. थंडी आहे, पोरं पाणी कमी पितात.

नववीच्या चोवीस मुलींपैकी आज सात गैरहजर. हळद निघायला लागली की आमच्याकडे हे दरवर्षीचंच. जमीन असो नसो, हळदीच्या दिवसांत लेकरांचे हात शेतातच. सरिता मात्र येते. पहाटे आईबरोबर हळद वेचायला जाते आणि पहिल्या तासाला हजर. मनगटापर्यंत पिवळी असते पोरगी. गणितात तिचा हात धरणारं वर्गात कोणी नाही, आमची कोमल तर नाहीच. दोघी एका बाकावर बसतात. सरिताचं बघून कोमल पण दोन गणितं जास्त सोडवते, म्हणून मी त्यांना कधी वेगळं केलं नाही.

कोमलला लघवीला जळजळ होते. जवळच्या डोंगरकडा गावी डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, पाणी पीत नाही मुलगी. मी रोज बाटली भरून देते, ती तशीच्या तशी परत येते. रागावले तर तोंड फिरवून बसली. या वयात पोरींना काय होतं देव जाणे.

१६ जानेवारी, शुक्रवार

तक्रारपेटी उघडली. एरवी तिच्यात चॉकलेटचे कागद आणि 'खिचडीत मीठ जास्त' एवढंच असतं. आज एक चिठ्ठी होती: "पाच नंबरचा कॅमेरा दुसरीकडे करा. प्लीज. आम्हाला लाज वाटते."

सरांना दाखवली. त्यांनी उलटून पालटून पाहिली. "नाव कुठाय? निनावी तक्रारीवर काही करता येत न्हाई म्याडम, नियम हाय." मी म्हटलं, सर, लेकरं नाव कशी लिहितील? "मग लाज काहून वाटते? आत कॅमेरा हाय का? आपण तर वाटेवर बघून राहिलो." चिठ्ठी फाईलला लावली. आवक क्रमांक टाकला.

१९ जानेवारी, सोमवार

परिपाठाला सर माईकवर आले. "नववीतल्या एक-दोन मुली शुक्रवारी पाच-पाच वेळा वर्गाबाहेर गेल्या. आम्हाला टीव्हीवर सगळं दिसतं. शाळेत शिकायला येता का फिरायला?" पोरांच्या रांगेतून खीखी सुरू झाली. सरिता खाली बघून उभी होती. शुक्रवारी तिने कमरेला स्वेटर बांधला होता.

मला कळलं. न कळायला मी काय काल जन्मले? पण भर परिपाठात सरांना जाऊन काय सांगणार. नंतर एकटे असताना सांगेन म्हटलं. दुपारी गेले तर खोलीत अध्यक्षांची दोन माणसं बसली होती. परत आले.

२० जानेवारी, मंगळवार

शाळेत महिला मेळावा आणि हळदी-कुंकू. दीडशे बाया आल्या, वाणात स्टीलच्या वाट्या दिल्या. मी 'मुलींचं आरोग्य' या विषयावर बोलले, छान झालं असं सगळ्या म्हणाल्या. सरिताची आई चांगुणा पण आली होती. मी कुंकवाचं ताट पुढे केलं तर हसून हात जोडले. "आमच्यात न्हाई म्याडम हे. मी तुमचं भाषण आयकाया आले." माझ्या ध्यानातच नव्हतं. ओशाळले मी. तिला तिळगूळ दिला, तो घेतला.

उरलेली हळद वाडग्यात तशीच ऑफिसच्या खिडकीत राहिली. उद्या आवरू.

२१ जानेवारी, बुधवार

काय अवदसा सुचली कोणाला! दुपारच्या सुट्टीनंतर पाच नंबरचा पडदा अख्खा पिवळा. सर धावत गेले, मागे मी. कॅमेऱ्याच्या काचेवर ओली हळद थापलेली, बोटांचे ठसे स्पष्ट. खांबाला लावून एक बाक उभा. सरांचा चेहरा असा झाला, जणू कोणी त्यांच्याच डोळ्यांत हळद घातली. "हे शाळेला आव्हान हाय," म्हणाले. अध्यक्षांना फोन लावला. तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण सर उभे राहून बोलत होते.

रेकॉर्डिंग बघायचं तर लाईट गेलेली. उद्या सकाळी.

२२ जानेवारी, गुरुवार

आज फार लिहायचं आहे आणि एकही ओळ लिहावीशी वाटत नाही.

परिपाठाला सर म्हणाले, "हात पुढं करा सगळ्यांनी." मला मुलींच्या रांगेत बरोबर घेतलं. हळदीच्या दिवसांत हिंगोली जिल्ह्यात पिवळे हात शोधायचे! तीस-पस्तीस पोरींचे निघाले असतील. पोरांचे तर कोणी बघितलेच नाहीत. सर सरिताजवळ थांबले. तिचे सगळ्यांत पिवळे, नखांच्या आतपर्यंत. "शुक्रवारी पाच वेळा जाणारी तूच ना?" ती म्हणाली, "व्हय सर, पण हे मी न्हाई केलं." सर म्हणाले, "बास. कळलं." तिच्या शेजारी कोमल. कोमलचे हात स्वच्छ, साबणाचा वास येणारे.

मग मला म्हणाले, रेकॉर्डिंग बघून घ्या, कागदाला जोडू. सर वर्गावर गेले तेव्हा मी एकटीच टीव्हीसमोर बसले. पाच नंबरमध्ये नुसता हात येतो आणि पिवळं होतं. मग चार नंबर लावला. तो व्हरांड्यातला, त्यात खांब लांबून दिसतो. एक मुलगी बाक ओढत आणते, चढते, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, दुसऱ्या हातात वाडगा. पाठमोरी. पण आपल्या पोटची पोर ओळखायला तोंड बघावं लागतं का? मी काल सकाळी घातलेली वेणी होती ती.

सर आले तेव्हा मी सगळं बंद केलं होतं. "काय दिसलं?" मी म्हणाले, "उन्हाची तिरीप आहे सर, ओळख पटत नाही." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

संध्याकाळी कोमलला घरात घेऊन दार लावलं. कबूल झाली, लगेच. रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "शुक्रवारी सरिताचा ड्रेस खराब झाला होता, आई. म्हणून ती जात होती. आम्ही हजेरीपट ठेवायला सरांच्या खोलीत गेलो तर तिथे चार माणसं चहा पीत टीव्ही बघत बसलेली. एक जण म्हणाला, 'हीच, हीच परत परत निघती.' सरिता माझ्या शेजारी उभी होती." मग म्हणाली, "आमच्यातली एकपण मुलगी शाळेत पाणी पीत नाही. तुला माहीत नव्हतं? तू तर प्रमुख आहेस ना?"

टाकी, थंडी, बाटली. मागची पानं उलटून वाचायची हिंमत नाही.

ती म्हणाली, "उद्या मी सरांना सांगते. सरिताला सोडतील." आणि मी काय केलं? मी म्हणाले, "एक शब्द काढलास तर माझं मेलेलं तोंड बघशील. शप्पथ आहे तुला माझी." सातवीच्या पोरांकडून अंधश्रद्धेवर प्रकल्प करून घेणारी मी! पण कोमल घाबरली. माझ्या मरणाला ती लहानपणापासून घाबरते, आणि हे मला माहीत होतं.

२४ जानेवारी, शनिवार

सरिताचे वडील जळबा यांना शाळेत बोलावलं. हळद शिजवायच्या कढईवरून तसेच उठून आले होते, अंगाला वाफेचा वास. खुर्ची दिली तर बसले नाहीत. चांगुणा दाराशी उभी. सरिता मध्ये.

सर म्हणाले, माफी लिहून द्या, विषय संपला. जळबा म्हणाले, "पोरगी म्हणती तिनं केलं न्हाई." "हात बघा की तिचे." जळबांनी स्वतःचे दोन्ही हात टेबलावर ठेवले. "मंग माझेबी बघा साहेब." रतनसिंग दारात होता, तो बाहेर निघून गेला.

सर चिडले. आणि चिडून जे बोलले ते बोलायला नको होतं. "विषय हाताचा न्हाई. पोरीच्या मनात कॅमेरा झाकायचं आलंच काहून? तिथं काय लपवायचं होतं? कोणी येत होतं का तिथं?"

जळबा सरिताकडे बघत राहिले, आणि मला त्यांच्या नजरेत ते शिरताना दिसलं. आतापर्यंत तो माणूस लेकीच्या बाजूने उभा होता. सरितानेही बघितलं. तिने मग एकदाच माझ्याकडे मान वळवली.

मी तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं. आणि त्यातून निघालं काय, तर "सर, माफीनामा घेऊ आणि मिटवू." मदत म्हणून बोलले मी. पण माफी म्हणजे तिनेच केलं असंच झालं ना ते? हे मला आता, लिहिताना कळतंय.

जळबा म्हणाले, "न्हाई साहेब. आता पोरीचं नाव निघालं. दाखला द्या आमचा." सर गडबडले, मी कुठे काढून टाकतोय वगैरे म्हणाले. पण माणूस ऐकायच्या पलीकडे गेला होता. सर वाईट नाहीत. पण तोंडातून गेलेला शब्द कोणाला परत घेता आलाय?

२६ जानेवारी, सोमवार

झेंडावंदन. कोमल गाणाऱ्या मुलींमध्ये होती, ओठ हलत नव्हते. जिलेबी घरी आणली ती कोणी खाल्ली नाही.

२८ जानेवारी, बुधवार

ह्यांना सांगितलं. सहा दिवस पोटात ठेवलं होतं. हे कृषी केंद्र बंद करून आले, हात धुतले, ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य काय, तर "कोणाला बोललीस का?" मग समजावणीच्या सुरात, "सरितावर जे बोलून राहिले तेच उद्या आपल्या कोमलवर बोलतील. काय लपवायचं होतं, कोण येत होतं. गाव थांबतं का? अन् तू खोटं लिहून सही केली, ते वेगळंच." मी म्हटलं, त्या पोरीची शाळा सुटतेय. हे म्हणाले, "तिच्या बापाने सोडवली. आपण सोडवली का?"

वाद घालता आला असता. घातला नाही, कारण माझ्या मनातही अगदी हेच होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर घाण वाटलं एवढंच.

३० जानेवारी, शुक्रवार

दाखला दिला. वर्गशिक्षिका म्हणून मजकूर मीच भरला. 'वर्तणूक' या रकान्यात 'अतिशय चांगली' लिहिलं. सरांनी वाचलं, सही केली. जळबांना वाचता येत नाही, त्यांनी घडी घालून खिशात ठेवला. मी मनाशी म्हणाले, एवढं तरी केलं. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले. आमचं बाथरूम ऑफिसच्या आतच आहे, ते कुठल्या कॅमेऱ्यात येत नाही.

वर्गात पोरं कुजबुजतात. सरिताला कोण भेटायला यायचं यावर तीन नावं फिरून राहिलीत. तीनही खोटी. मी एकाला उठवून उभं केलं, काय बोलत होतास विचारलं. तो म्हणाला, "काही न्हाई म्याडम, गणिताचं." बसवला.

२ फेब्रुवारी, सोमवार

पंधरा दिवस म्हणजे गुरुवारी सकाळी ते रेकॉर्डिंग जाणार. पेनड्राइव्ह माझ्या पर्समध्येच आहे. त्यात आठवीच्या प्रश्नपत्रिका आहेत, जागा पुष्कळ आहे. आज दोनदा टीव्हीपर्यंत गेले. एकदा सर होते. एकदा कोणीच नव्हतं, पण म्हटलं, नवीन यंत्र आहे, माझ्या हातून काही बिघडलं तर? रतनसिंग म्हणाला, "काय पाहिजे म्याडम?" मी म्हणाले, खडू.

कोमल माझ्याशी बोलते, पण विचारलं तेवढंच. आज तिने शेजारच्या बाकावरच्या मुलीला आपल्याजवळ बसू दिलं नाही.

४ फेब्रुवारी, बुधवार

हिंगोलीहून साहेब आले तपासणीला. टीव्हीसमोर बसले, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "हा पाच नंबर मुलींच्या टॉयलेटच्या वाटेवर कोणी लावला? वळवा आधी. अक्कल आहे का नाही?" सर म्हणाले, "व्हय साहेब, आमच्याबी मनात होतंच." रतनसिंग स्टुलावर चढला आणि एका हाताने कॅमेरा फाटकाकडे फिरवला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

माझी चिठ्ठीची फाईल कपाटातच होती. कोणी मागितली नाही, मी काढली नाही.

दुपारी टाकीवर मुलींची झुंबड. एकमेकींच्या अंगावर पाणी उडवत होत्या. कोमल वर्गातच बसून होती.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पहिल्यांदा तेच बघितलं. एकवीस तारीख आता यादीत नाही. बावीसपासून सुरू होते.

हलकं वाटेल असं वाटलं होतं. दिवसभर वाट बघितली हलकं वाटायची.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सरांकडे गेले. कोमलचं नाव घ्यायचं नाही, पण सरिता नव्हती एवढं तरी सांगायचं, असं ठरवून गेले होते. "सर, मला वाटतं त्या मुलीने केलं नसावं." सरांनी चष्मा काढला. दमलेले दिसले. म्हणाले, "म्याडम, मलाबी चार रात्री झोप न्हाई. पण तुमीच रेकॉर्डिंग बघितलं, तुमीच लिहून दिलं ओळख पटत न्हाई म्हणून. आता तुमच्याजवळ काही असंल तर दाखवा. मी आत्ता जळबाच्या दारात जाऊन पाया पडतो."

दाखवा! पंधरा दिवस होतं माझ्याजवळ. परवापर्यंत होतं. मी म्हणाले, "नाही सर, आपलं सहज वाटलं." त्यांनी चष्मा परत घातला.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सरिताच्या घरी गेले. डोंगरकड्याच्या शाळेत माझी मैत्रीण शिकवते, तिच्याशी बोलून ठेवलं होतं. नाव घालायला ती तयार आहे, बसचा पास पण होईल. एवढं घेऊन गेले तर बरं वाटेल, असा माझा हिशोब.

चांगुणाने चटई टाकली, पाणी दिलं. अंगणात शिजवलेली हळद वाळत पसरलेली, सरिता ती हाताने खालीवर करत होती. जळबा कामावर. मी डोंगरकड्याचं सांगितलं. चांगुणाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "म्याडम, तुमी आलात, मोठं मन तुमचं. शाळेतलं दुसरं कोणी फिरकलं न्हाई. पण हिचा बाप न्हाईच म्हणतो. नांदेडला हिच्या मावशीकडं पाठवून राहिलोत. तिकडं कोणाला काही माहीत न्हाई." मी विचारलं, तिथे शाळेत घालणार ना? तिने पदराने तोंड पुसलं. "बघू. मावशी म्हणती एक स्थळ हाय, नुसतं बघून ठेवू." पंधरा वर्षांची आहे हो ती, मी म्हणाले. चांगुणा म्हणाली, "माहीत हाय म्याडम. म्या जन्म दिला."

काय बोलू मी तिला? कायदा सांगू? कुठल्या तोंडाने?

उठले तर सरिता रस्त्यापर्यंत सोडायला आली. बरंच अंतर चाललो. मग म्हणाली, "म्याडम, कोमल कशीय?" बरी आहे म्हटलं. "तिला म्हणा, त्रिकोणाच्या धड्याची वही माझीच वापर. तिची अर्धीच लिहिलेली हाय." तिने माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला माहीत हाय म्याडम. मी टाकीमागंच होते तवा. मी तिला नको म्हणलं होतं."

मी तिथेच थांबले. तिला माहीत होतं. हात पुढे केले तेव्हा, बापासमोर उभी होती तेव्हा, सगळा वेळ. मी विचारलं, "मग सांगितलं काहून नाहीस गं?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मीच काहीतरी वेड्यासारखं विचारलंय. "मी काहून सांगू मैतरणीचं नाव? मला वाटलं, तुमाला मशिनीत दिसलंच असंल, तुमी सांगताल. तुमी सांगितलं तर कोमलला कोणी मारणार न्हाई, अन् मलाबी सोडतील. बापालाबी मी म्हणलं, म्याडम हायेत, थांबा जरा. ते दाखला घ्यायला निघाले त्या दिशीबी म्हणलं." मग तिलाच माझी कीव आली असावी. "जाऊ द्या. तुमाला दिसलं नसंल. ऊन होतं ना, सर म्हणले."

मी मान हलवली. हो म्हणून हलवली. तिला एवढंही खरं सांगता आलं नाही मला. रिक्षा आली, बसले.

घरी कोमल दारातच उभी होती. कुठे गेले होते ते तिला सांगितलं नव्हतं, तरी तिने विचारलं, "काय म्हणाली ती?"

"त्रिकोणाची वही तिचीच वापर म्हणाली."

"माझ्यावर चिडलीय?"

"नाही."

"आणि तुझ्यावर?"

"माझ्यावर पण नाही," मी म्हणाले. एवढ्या दिवसांत लेकीशी खरं बोलले ते हेच, आणि हेच मला सहन होत नाहीये.